मुरूम, इसबगोल आणि अंगण

डीकंपोज्ड ग्रॅनाइट हे भारदस्त नाव ऐकून बिचकू नका. त्याला आपल्याकडे साधा, खेड्यातला शब्द आहे: मुरूम. खडक उन्हापावसानं कुजतो, भुसभुशीत होतो आणि टिकाव मारला की दाणा दाणा होऊन खाली येतो, तो मुरूम. देशावर तो काळ्या बसाल्टचा असतो, इकडे अमेरिकेच्या पश्चिमेला ग्रॅनाइटचा. ग्रॅनाइटमधला काळा अभ्रक आधी फुगतो आणि दगडाला आतून बारीक भेगा पाडतो. मग पाणी शिरतं, फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होते, आणि क्वार्ट्‌झचे कण मात्र "आम्ही नाही बाई बदलणार" म्हणत तसेच कडक राहतात. हे सगळं पाव इंचाच्या चाळणीतून काढायचं, पण खालची बारीक पूड फेकायची नाही. ती पूडच कणांना धरून ठेवते. ओलं करून चोपलं की बदामी-सोनेरी रंगाची छान घट्ट जमीन तयार होते. चालताना पायाखाली किंचित करकरते.

कॅलिफोर्नियात असली अंगणं जागोजागी आहेत. तिथे पाऊस कमी, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. आम्ही राहतो पोर्टलंडला, ऑरेगनमध्ये, आणि इथे हे नाव काढलं की लोक मान हलवतात. "पावसाळी गावात डीजी? चिखल होईल, शेवाळ धरेल, वाहून जाईल. काँक्रीट घाला आणि सुटा." दोन कंत्राटदारांनी तर भाव सांगायच्या आधीच नकार दिला. आमच्या घरामागे हे अंगण होऊन आता सहा वर्षं झाली, म्हणून या विषयावर मत द्यायचा थोडाफार अधिकार मला आहे असं मी धरून चालते. माझं मत असं की पावसाळी हवेत हे अंगण उत्तम चालतं. फक्त ते "एकदा केलं की झालं" या जातीतलं नाही. आणि माझ्या मते तो त्याचा दोष नाही.

आधी पावसाबद्दल, कारण "पावसाळी" या एका शब्दात फार गोष्टी कोंबल्या जातात. पोर्टलंडला वर्षाला साधारण ९०० ते ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पुण्यापेक्षा थोडा जास्त, आणि रत्नागिरीच्या तीन हजारांच्या पुढे अगदीच किरकोळ. पण कोकणातला पाऊस चार महिने झोडपतो आणि मग रजा घेतो. इथला ऑक्टोबरात येतो तो मे महिन्यापर्यंत बसून राहतो. कोसळत नाही, रिपरिपतो. छत्री घेतली तर बावळट दिसतो आणि नाही घेतली तर भिजतो, असा. त्यामुळे इथली अडचण वाहून जाण्याची फारशी नाहीच, अडचण आहे ती न वाळण्याची. सहा-सात महिने जमीन ओलीच. त्यावर देवदारासारख्या उंच डग्लस फरच्या सुया पडणार, त्या कुजणार, त्यांची माती होणार आणि त्या मातीत शेवाळ आणि तण येणार. शत्रू कोण ते नीट कळलं की अर्धी लढाई तिथेच होते.

आणि पावसात हे होतच नाही म्हणणाऱ्यांना मी जपानकडे बोट दाखवते. क्योतोला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पोर्टलंडच्या दीडपट. तिथल्या झेन मठांमधली ती प्रसिद्ध अंगणं, पांढऱ्या खडीवर दंताळ्यानं लाटा काढलेली, ती खडी परंपरेनं शिराकावा भागातली, कुजलेल्या ग्रॅनाइटचीच. तीत बारीक पूड नसते, ती चोपत नाहीत, हे खरं. पण पश्चिम जपानात शाळांची मैदानंसुद्धा ग्रॅनाइटच्या मुरुमाची असतात, तिकडे त्याला मासात्सुची म्हणतात. म्हणजे पाऊस आणि हा मुरूम यांचं वैर आहे असं काही नाही. त्याच मुरुमाची दुसरी बाजूही जपाननंच दाखवली आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये हिरोशिमात रात्रभर मुसळधार पाऊस झाला आणि कुजलेल्या ग्रॅनाइटचे डोंगरउतार घरांवर आले. सत्तरहून जास्त माणसं गेली. सपाट जागेवर पाण्याला वाट करून दिली की तो मैदान होतो, आणि तीव्र उतारावर पाणी आत मुरलं की तो दरड होतो. सगळी गोष्ट पाण्याची आहे, दगडाची नाही.

तर आता प्रत्यक्ष काम. ज्यांना करायचं नाही त्यांनी पुढचे चार परिच्छेद गाळले तरी चालतील :)

आमची जागा १२ फूट बाय १६ फूट. आधी फूटभर खोल खड्डा खणून पाण्यानं भरला आणि रात्रभर ठेवला. सकाळी तळाशी अजून पाणी होतं. म्हणजे खाली चिकणमाती, पाणी मुरायला आळशी. हे आधी कळणं महत्त्वाचं, कारण वर कितीही सुंदर मुरूम घाला, खाली पाणी तुंबलं तर वर लगदाच होणार. म्हणून सात इंच खणलं, तळालाच ढाळ दिला, कडेला भोकाभोकांचा पाइप टाकून त्याचं तोंड घराच्या पायापासून दहा फुटांहून लांब, बागेतल्या एका खोलगट वाफ्यात सोडलं. त्यावर जाडसर जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे खालची चिकणमाती वर चढत नाही. त्यावर चार इंच खडी, पाऊण इंचाची, भुकटीसकट. ती दोन थरांत, भाड्यानं आणलेल्या प्लेट कॉम्पॅक्टरनं दाबली. आणि त्यावर तीन इंच ग्रॅनाइटचा मुरूम.

ढाळ फुटाला पाव इंच. म्हणजे १२ फुटांत ३ इंच. डोळ्याला कळत नाही, पण पाण्याला कळतो. यापेक्षा कमी दिला तर डबकी, फार जास्त दिला तर पाणी बारीक पूड घेऊन पळतं आणि ओघळ पडतात. सुतळी आणि पाणसळ घेऊन यात जो वेळ गेला तो सगळ्या कामाच्या निम्मा असेल. मला विचाराल तर पावसाळी हवेत या कामाचं गुपित एवढंच: ढाळ, निचरा आणि पन्हळीचं पाणी अंगणापासून दूर. छपराच्या पन्हळीचा नळ जर अंगणात तोंड करून असेल तर बाकी काहीही करू नका, आधी तो वळवा. आकाशातून पडणारा पाऊस अंगण सहन करतं, सगळ्या छपराचा एका जागी ओतलेला करत नाही.

मुरूम तीन प्रकारचा मिळतो. एक साधा. दुसरा, ज्यात वनस्पतीची भुकटी मिसळलेली असते, ती ओली झाली की चिकट होते आणि वाळली की कणांना धरून ठेवते. तिसरा राळ मिसळलेला, जो डांबरी रस्त्यासारखा टणक होतो. तिसऱ्याच्या वाटेला मी गेले नाही. त्यातून पाणी जवळजवळ झिरपत नाही, मग काँक्रीट काय वाईट? दुसऱ्या प्रकारातली ती वनस्पतीची भुकटी कसली, हे विचारलं तर दुकानदार म्हणाला, "सिलियम हस्क." मी दोन मिनिटं तिथेच हसत उभी. सिलियम म्हणजे आपला इसबगोल हो! गुजरात-राजस्थानच्या शेतांतून निघतो आणि जगभर जातो. टनामागे साधारण सहा किलो घालतात. आमच्या तीन टनांत अठरा किलो इसबगोल गेला. औषधाच्या दुकानात मिळतात तसल्या शंभर ग्रॅमच्या १८० डब्या. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अंगणाचं पोट तरी साफ राहील."

पण इसबगोलाची एक अट आहे: त्याला वाळायला वेळ द्यावा लागतो. सतत ओला राहिला तर त्याची खीर होते आणि वरचा थर मऊ पडतो. म्हणून इथे हे काम जुलै-ऑगस्टमध्येच करावं, त्या दोन महिन्यांत पाऊस जवळजवळ नसतो. दीड-दीड इंचाचे दोन थर, प्रत्येक थर ओला करायचा, रोलर फिरवायचा, कडेला हातानं धुमस मारायचा. कडांना स्टीलची पट्टी, नाहीतर अंगण बागेत पसरत जातं. कोरडा मुरूम उपसताना तोंडाला चांगला मास्क लावा, त्या धुळीत सिलिका असते आणि फुप्फुसांना ती वाईट. आणि मग दोन-तीन दिवस कुणी पाय ठेवायचा नाही. हा भाग सर्वांत अवघड गेला, कारण शेजारच्या मांजरानं पहिल्याच रात्री ती जागा आपली म्हणून जाहीर केली.

आता देखभाल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर आठवड्याला पानं आणि सुया झाडून काढणे. बाकी काही जमलं नाही तरी हे चुकवायचं नाही, कारण शेवाळाला आणि तणाला लागणारी माती त्यातूनच होते. थंडीत कधी जमीन गोठली तर मुरूम पुरीसारखा फुगतो. तेव्हा त्यावर नाचायचं नाही, आपोआप बसतो. फावड्यानं बर्फ ओढायचा नाही. मे अखेरीस एक शनिवार: दंताळ्यानं वरचा थर हलकेच मोकळा करायचा, शेवाळाचे ठिपके उचलून टाकायचे, तण उपटायचं, खळगे भरायचे, पाणी शिंपडून पुन्हा रोलर. दर दोन-तीन वर्षांनी वर अर्धा इंच नवा मुरूम. आमच्या जागेला आठ घनफूट, म्हणजे अर्ध्या घनफुटाच्या सोळा पिशव्या. सगळं धरून वर्षाला दोन शनिवार आणि शरदात झाडू. बस.

याच्या विरुद्ध बाजूनं जे बोललं जातं त्यात खरं किती, तेही सांगायला हवं. बारीक कण चपलांना चिकटतात आणि घरातल्या लाकडी जमिनीवर ओरखडे काढतात, हे शंभर टक्के खरं. आपल्या घरात चपला बाहेर काढायची पद्धत असल्यामुळे आम्हाला तो त्रास निम्म्यानं कमी. तरी दारापुढचे चार फूट आम्ही दगडी फरशीच बसवली आहे. दाट सावलीत, जिथे दुपारीसुद्धा ऊन पोचत नाही, तिथे हे करू नका. शेवाळाशी जन्मभर भांडत बसाल. गाडी उभी करायला करू नका. चाकाच्या खुर्चीवर कुणी असेल तर साधा मुरूम नको, इसबगोलाचा कडक झालेला एक वेळ चालेल, तोही दर हिवाळ्यानंतर तपासून. आणि "यातून सगळं पाणी जमिनीत मुरतं" ही जाहिरात अर्धीच खरी आहे. चोपलेल्या मुरुमातून पाणी हळू झिरपतं. अनेक नगरपालिका तर दाबलेली खडीसुद्धा काँक्रीटच्याच रांगेत मोजतात. आमच्या अंगणातलं जोरदार सरीचं बरंचसं पाणी वरूनच ढाळानं वाहतं, ते त्या खोलगट वाफ्यात जातं आणि तिथे मुरतं. श्रेय द्यायचं तर अंगणाला एकट्याला नाही, दोघांना मिळून द्या.

तरीही काँक्रीटपेक्षा मला हे बरं का वाटतं? पहिलं कारण गावाचं आहे. पोर्टलंडच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि मैला एकाच गटारातून जातो. जोराचा पाऊस झाला की गटार भरून विलॅमिट नदीत ओतायचं. हे थांबवायला शहरानं १९९१ ते २०११ अशी वीस वर्षं घालून जमिनीखाली प्रचंड बोगदे खणले. खर्च १ अब्ज ४० कोटी डॉलर, आणि तो अर्थात लोकांच्याच पाणीपट्टीतून. पण त्याच काळात, १९९३ ते २०११ मध्ये, दुसरं एक अगदी साधं काम चालू होतं. घरोघरी जाऊन छपराच्या पन्हळींचे नळ गटारातून सोडवायचे आणि बागेत सोडायचे. असे छप्पन्न हजारांहून जास्त नळ सोडवले. मला या दुसऱ्या कामाचं जास्त कौतुक वाटतं. मोठा बोगदा सरकार खणतं; पण आपल्या दारातलं पाणी आपल्या दारात जिरवायचं की शेजाऱ्याकडे ढकलायचं, हे ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. काँक्रीटचं अंगण म्हणजे ते ढकलणं, आणि वर "आमच्याकडे अगदी स्वच्छ असतं" असं म्हणणं.

दुसरं कारण दुरुस्तीचं. काँक्रीटला देखभाल लागत नाही असं म्हणतात. लागत नाही ती तडा जाईपर्यंत. झाडाचं मूळ वर आलं, खालची माती दबली, पाणी गोठलं, की तडा जातो. आणि मग तो तडा तुम्ही-आम्ही बुजवू शकत नाही. यंत्र आणून फोडायचं, ट्रकनं न्यायचं, पुन्हा ओतायचं. शेवाळ तर काँक्रीटवरही धरतं आणि त्यावर घसरून पडलं की जास्त लागतं. म्हणजे एकाला दर वर्षी दोन शनिवार लागतात आणि दुसऱ्याला वीस-पंचवीस वर्षांनी एकदम मोठी रक्कम. "मेंटेनन्स फ्री" या शब्दाचा माझ्या लेखी अर्थ एवढाच, की दुरुस्ती आपल्या हाताबाहेर गेली.

तिसरी गोष्ट मात्र मुरुमाच्या चाहत्यांनी ऐकावी. इथे सगळ्यांना कॅलिफोर्नियाचा तो सोनेरी रंग हवा असतो. आम्हीही अंगणासाठी तोच घेतला, सात महिन्यांच्या करड्या उजेडात जरा ऊन साठवल्यासारखं वाटतं म्हणून. पण बागेतल्या वाटेला आम्ही इथलाच काळा बसाल्ट वापरला, पाव इंचाचा, भुकटीसकट. निम्म्याहून कमी पैशात, गावाबाहेरच्या खाणीतून. सहा वर्षांत त्यानं ग्रॅनाइटपेक्षा कमी त्रास दिला आहे, कारण त्याचे कण जास्त कोनेदार आहेत आणि एकमेकांत अडकून बसतात. गंमत म्हणजे हा बसाल्ट आपला चुलतभाऊ. सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे पूर आले, आपल्या दख्खनवर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आले तसेच. आज कुणी विचारलं तर मी सांगते: पद्धत डीजीची घ्या, दगड मात्र आपल्या गावचा घ्या. ज्या गावी जो दगड कुजतो, तो त्या गावच्या पावसाला ओळखत असतो.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण आमच्या घरचे लोक हे वाचतात, आणि घरी सध्या एक वाद चालू आहे. राजापूरजवळच्या आमच्या घरासमोरचं खळं यंदा दिवाळीआधी पेव्हर ब्लॉकनं झाकायचं असं दादानं ठरवलंय. कुटुंबाच्या व्हॉट्सॲपवर भावपत्रक आलं आणि पाठोपाठ पुण्या-मुंबईहून, दुबईहून आणि आमच्या या बाजूनं हळहळीचा पूर आला. "अरे आपलं खळं!" "तुळशीपुढची रांगोळी कुठे काढणार?" "शेणाचा तो वास!" वगैरे वगैरे. वहिनी मात्र त्या ग्रुपवर एक अक्षर बोलली नाही.

मी खळ्याच्या बाजूची असणार हे उघड आहे. कोकणातल्या खळ्यामागचा विचार मला फार शहाणा वाटतो. पावसाचे चार महिने खळं पावसाचं. त्यावर हक्क सांगायचा नाही. शेवाळ धरू दे, गवत येऊ दे, जायला-यायला चार चिरे टाकून ठेवायचे. पाऊस सरला की खणायचं, माती घालायची, पाणी मारून तुडवायची, चोपण्यानं चोपायची, सारवायची आणि मांडव घालायचा. दर वर्षी नवं. खळं खराब झालं असं कुणी म्हणत नसे, "खळं करायला झालं" असं म्हणत. या एका वाक्यानं मला पोर्टलंडचं अंगण राखायला शिकवलं. जानेवारीत ते हिरवट, मऊ दिसतं तेव्हा इथले शेजारी हळहळतात; मी म्हणते, आत्ता ते पावसाचं आहे, जूनमध्ये माझं होईल.

पण हळहळणाऱ्या मंडळींना मला एक प्रश्न विचारायचा आहे. ते खळं करायचं कोण? चोपायला गडी यायचे, दोन-चार दिवसांचं काम. पण सारवण? ते दर आठ-पंधरा दिवसांनी, सबंध सहा-सात महिने. शेण गोळा करणं, कालवणं, कमरेत वाकून सबंध खळं सारवणं, हे आजीनं केलं, आईनं केलं, काकूंनी केलं, आणि लग्न होऊन आल्यापासून वहिनीनं केलं. आपल्याला तो वास आठवतो, तिला ती कंबर आठवत असणार. आता गोठ्यात गुरंही नाहीत. शेण वाडीतून मागून आणायचं. गडी मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. अशा वेळी "परंपरा राखा" असं सात समुद्रांपलीकडून सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या पाठीवर आपली आठवण लादणं.

माझ्या अंगणाला दर वर्षी दोन शनिवार लागतात हे मी मोठ्या आनंदानं सांगते, कारण ते शनिवार माझे आहेत. ज्यानं अंगण उपभोगायचं त्यानंच राबायचं, एवढी एक अट पाळली तर देखभाल हे ओझं राहत नाही. ती अट मोडली की मात्र सगळं सौंदर्य फुकटचं होतं. काँक्रीटविरुद्ध बोलणाऱ्या आम्हा सगळ्यांना आधी हे सांगता आलं पाहिजे, की मग काम कोण करणार आहे.

म्हणून दादा, माझं म्हणणं नुसतं "करू नको" असं नाही. सगळं खळं झाकू नको, इतकंच. तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणारी ती जागा आहे. सगळीकडे ब्लॉक आणि खाली सिमेंट केलंस तर ते पाणी पहिल्याच जूनमध्ये पायरीशी उभं राहील किंवा खालच्या घरात जाईल. दारापासून फाटकापर्यंत आणि तुळशीभोवती जांभ्याचे चिरे घाल, सिमेंट न भरता, सांध्यांत मुरूम टाकून. जांभा हाही कुजलेलाच दगड, आणि तो तुमच्याच पावसानं घडवलेला. पन्हळीचं पाणी आधी विहिरीच्या बाजूला वळव. ढाळ फुटाला पाव इंचापेक्षा थोडा जास्तच ठेव, तुमचा पाऊस आमच्यासारखा भिडस्त नाही. मधला भाग मातीचा राहू दे, पण सारवायचा नाही; नुसता मुरूम चोपून ठेव. मे महिन्यात आम्ही सगळे येतो तेव्हा तो उकरून, भिजवून, चोपून देण्याचं काम आमचं. गेल्या वर्षी घरात एका वेळी सतरा माणसं होती, त्यातली निम्मी दुपारभर मोबाइल बघत लोळत होती. धुमस उचलायला काय हरकत आहे?

आणि आम्ही सुट्टीला येऊनही धुमस उचलला नाही, तर पुढच्या वर्षी खुशाल ब्लॉक घाल. मग त्यावर बोलायचा अधिकार आमच्यापैकी कुणालाही राहणार नाही.

मात्र यातलं काहीही ठरवायच्या आधी वहिनीला विचार. ग्रुपवर नको, समोर बसून. ती ब्लॉकच म्हणाली, तर माझं मत आहे तिथेच राहील, पण ब्लॉकच्या पैशात माझाही वाटा धर.